तिसऱ्या वळणावरचा बर्फ

शुक्रवार, सकाळचे सहा. बर्फावर नारळ एक आणि माणसं चार: बाबा, आई, मी आणि रिंकचा केरळी वॉचमन, ज्याला सगळे चेट्टन म्हणत. पाचवं कोणी नव्हतं. हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढे त्या सकाळची चौकशी झाली तेव्हा कोण होतं आणि कोण नव्हतं यावर बरंच बोलणं झालं, आणि बाबांनी चारांपैकी तीन नावं शेवटपर्यंत सांगितली नाहीत.

बाबांचा धंदा बर्फाचा. बहारीनला येण्याआधी ते देवगडला मासळीच्या बर्फाच्या कारखान्यात होते. तिथे लोखंडी डब्यांत पाणी भरून ते डबे खाऱ्या पाण्याच्या टाकीत सोडायचे आणि दुसऱ्या दिवशी लाद्या काढायच्या. त्याच कामाच्या जोरावर त्यांना मनामातल्या स्केटिंगच्या रिंकवर नोकरी मिळाली. रिंकच्या जमिनीखालून गार खाऱ्या पाण्याच्या नळ्या गेलेल्या होत्या आणि त्यांच्यावर चार बोटं जाडीचा बर्फ. मागच्या प्लँटरूममध्ये दोन कॉम्प्रेसर रात्रंदिवस चालत. त्यांचा आवाज बाबांच्या अंगात इतका मुरला होता, की घरी जेवताना ते मधेच घास थांबवून ऐकत बसायचे, आणि आई म्हणायची, "अवो, तो तुमचो कॉम्प्रेसर नाय, वरच्या माळ्यावरचो एसी आसा. जेवा." रिंकवरचे लोक त्यांना अबू थल्ज म्हणत, म्हणजे बर्फाचा बाप. बाबांना ते नाव आवडायचं. देवगडला त्यांना नुसतं 'ए बर्फवाल्या' अशी हाक होती.

आम्ही सलमानियाला हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांत राहायचो. अँब्युलन्सच्या आवाजाने सुरुवातीला आई दर वेळी हात जोडायची. नंतर कुकरची शिट्टी आणि तो आवाज यांत तिला फरक वाटेनासा झाला. जेवण घरचंच. कुळथाची पिठी, भात, आणि गुरुवारी बाजारातून आणलेले साफी मासे. आईच्या मते त्या माशाला चवीपेक्षा काटे जास्त, तरी ती ते तिरफळ घालून असं करायची की वरच्या मजल्यावरचे लोक जिन्यात थांबून वास घ्यायचे. बाबांचा डबा मी पोचवायची. तांदळाची भाकरी आणि सुक्या बांगड्याची चटणी. प्लँटरूममध्ये तेलाच्या वासात हा वास मिसळला की तिथे दुसरं कोणी फिरकायचं नाही, आणि मला वाटतं बाबांना तेच हवं असायचं.

बाबांना इंग्रजी आकडे वाचता यायचे, शब्द नाही. म्हणून रोजचं तापमान, बर्फाची जाडी आणि पाण्याचे थर मी त्यांच्यासाठी वहीत लिहायची. बर्फावर उणे पाच, हॉलमध्ये अकरा, बाहेर त्या दिवसांत एकोणीस-वीस. आकड्यांची सवय मला तिथे लागली आणि पुढे त्यावरच माझं पोट चाललं. स्केटिंगही तिथलंच. सकाळी रिंक उघडण्याआधी बर्फ कसा बसलाय हे बघायला कोणीतरी त्यावरून जायला हवं असायचं. बाबा स्वतः रबरी बुटांत काठाने चालत आणि मला म्हणत, "बाय, दहा फेरे मार आणि खय काय खटकता ता सांग." सात वर्षांत मी असे किती फेरे मारले असतील ते मोजता येईल, पण आता मोजवत नाही.

उष्ण देशांतल्या मुलामुलींसाठी बर्फावरच्या खेळांची स्पर्धा तेव्हा नुकती सुरू झाली होती. दुसऱ्याच खेपेला यजमानपद बहारीनकडे आलं. पाच देश, तीन दिवस, आणि रिंक आमचीच. मुलींच्या रिलेत चार जणी लागत आणि यजमानांकडे होत्या तीन. यजमान देशच शर्यतीत नाही म्हटल्यावर नाचक्की. नियमात एक परदेशी रहिवासी मुलगी चालत होती. संघाचे कोच युसुफ, ज्यांना इथल्या रिवाजाप्रमाणे सगळे कॅप्टन म्हणत, एके दिवशी थेट प्लँटरूममध्ये आले. चटणीच्या वासालाही ते डगमगले नाहीत.

"अबू थल्ज, तुम्हारा बेटी कितना साल बहरैन में?"

"सात, साब."

"सीपीआर है?" सीपीआर म्हणजे इथलं ओळखपत्र.

"है, साब."

"खलास. हमारा बेटी है."

घरी आईने ऐकलं आणि लाटणं खाली ठेवलं. "परक्याचो झेंडो छातीर लावन पडलंस, तर आमी तोंड खय लपवचा?"

बाबा हसले. "पडाक बर्फ वायट व्हयो. आणि बर्फ माझो आसा."

चौघींत सगळ्यात चांगली मरियम. जिदहफ्स गावची, माझ्यापेक्षा वर्षाने मोठी, लांब पायांची, आणि वळणावर इतकी आडवी व्हायची की तिचा हात बर्फाला टेकायचा. घरात तिच्या आजोबांचा शब्द चालायचा आणि त्यांनी फक्त या स्पर्धेपर्यंत परवानगी दिली होती. पुढची परवानगी जिंकण्यावर. हे ती हसत सांगायची, इंग्रजीत, माझी स्केटची नाडी माझ्याहून घट्ट बांधून देता देता. "तू मला फक्त सरळ ढकल," ती म्हणायची, "बाकी मी बघते." रिलेत आधीची मुलगी पुढचीला कमरेत दोन्ही हातांनी ढकलून वेग देते. मी तिसरी होते, मरियम शेवटची.

तर तो शुक्रवार. अंतिम फेरी दहाला होती. देवगडच्या कारखान्यात मोसमाची पहिली लादी काढताना टाकीच्या लोखंडी काठावर नारळ फोडून गाऱ्हाणं घालायची रीत होती. आमच्याकडे देवाशी मोठ्याने बोलतात, आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला हुंकार द्यायचा असतो. बाबांनी नारळ केरळी दुकानातून आदल्या दिवशीच आणून ठेवला होता. तिसऱ्या वळणाजवळ कठड्याखाली लोखंडी पट्टी होती, ती त्यांनी निवडली. रबरी बूट काढून अनवाणी उभे राहिले. बर्फावर अनवाणी! आईने पदर डोक्यावर घेतला.

"बा देवा म्हाराजा, आज समुद्रापलीकडसून तुका हाक मारतंय."

"व्हय म्हाराजा!" आई आणि मी.

"माझ्या चेडवाचे पाय घट ऱ्हवांदेत. तिच्याबरोबरच्या तिनय पोरींचे ऱ्हवांदेत."

"व्हय म्हाराजा!" या वेळी सगळ्यात मोठा आवाज चेट्टनचा. त्याला त्यातलं अक्षर कळत नव्हतं, पण कुठे ओरडायचं ते कळलं होतं.

नारळ पहिल्या फटक्यात फुटला. ते शुभ. पाणी उडालं, अर्धी कवड घरंगळत बर्फावर गेली. आम्ही तुकडे वेचले, बाबांनी रबरी फळीने सगळं ओढून घेतलं आणि वरून कोमट पाण्याचे दोन पातळ थर दिले. थर बारा मिनिटांत धरला. मी दहा फेरे मारले.

"खटकता काय खय?"

"नाही," मी म्हणाले. खरंच खटकलं नव्हतं. माझा वेग तेवढा नव्हताच.

शर्यतीचं थोडक्यात सांगते. अंतिम फेरीत चार संघ, प्रत्येकीचे दोन फेरे. हॉलमध्ये दीड-दोनशे माणसं, ढोल, शाळेतली मुलं, लाल-पांढरे झेंडे. माझ्या वाट्याचे फेरे संपले तेव्हा आम्ही दुसऱ्या होतो. मी मरियमला ढकललं आणि आतल्या बाजूला वळले. तिने पहिल्याच वळणावर पुढचीला गाठलं. दुसऱ्या फेऱ्यात ती पुढे होती, चांगली दोन हात पुढे. तिसऱ्या वळणावर ती आडवी झाली, हात बर्फाला टेकला, आणि पातं कशाला तरी अडलं. कठड्यावर आपटल्याचा आवाज ढोलावरूनही ऐकू आला. आधी वाटलं, माझंच ढकलणं वाकडं झालं. म्हणून सगळ्यात आधी मी तिच्यापाशी पोचले.

ती मनगट धरून बसली होती. तिच्या पायामागे बर्फात वीतभर लांब चर पडला होता आणि चराच्या टोकाला तपकिरी काहीतरी उभं होतं, नखाएवढं, एका बाजूला काथ्याचे दोन तंतू. मला ओळखायला एक क्षणही लागला नाही. मी गुडघ्यावर बसले, मरियमच्या खांद्यावर एक हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने ती करवंटीची चीप उपटून ग्लोव्हमध्ये घातली. याचा विचार मी केला नव्हता. पण पुढच्या अर्ध्या तासात जे केलं ते पूर्ण विचार करून केलं.

पंचांनी निर्णय दिला: खेळाडू स्वतःच्या चुकीने पडली, यजमान चौथे. दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. कॅप्टननी नियमाचं पुस्तक आणवलं. बर्फात दोष असल्याचं अर्ध्या तासात दाखवता आलं तर शर्यत पुन्हा होते. चर दाखवून भागत नव्हतं. पंच म्हणाले, चर पडण्यामुळे झाला. बाबा बादली घेऊन चर भरायला आले, तर कॅप्टननी त्यांना हाताने अडवलं. "अभी नहीं. दस चालीस के बाद." मग ते स्वतः टॉर्च घेऊन गुडघ्यांवर बसले आणि मोटारीच्या किल्लीने बर्फ खरवडू लागले. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "पहिली तू गेलीस ना? काही दिसलं तुला?"

"नो, कॅप्टन."

चीप ग्लोव्हमध्ये तळहाताला टोचत होती. बर्फाचं पाणी होऊन ग्लोव्ह आतून ओला झाला होता.

चेंजिंग रूममध्ये मरियम बाकावर बसली होती. मनगटाला पट्टी, पायात स्केट्स तशाच. दुसरी मुलगी नाडी सोडायला वाकली, तर ती ओरडली, "हात लावू नकोस! काढले तर खलास." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मी तीन वर्षांत त्या वळणावर एकदाही पडले नाही. एकदाही. कॅप्टनना सापडेल. इंशाल्ला, सापडेल." ती पुन्हा धावायला तयार होती, एका हाताने. मी बाहेर आले.

कॉरिडॉरमध्ये मोठं घड्याळ होतं. दहा एकवीस. मी त्याच्याखाली उभी राहून हिशेब केला. एका बाजूला एक शर्यत. दुसऱ्या बाजूला बाबांचा व्हिसा, त्यावर टेकलेला आईचा, त्यावर टेकलेला माझा. बर्फात नारळ फोडणाऱ्या माणसाला दुसऱ्या दिवशी कोण कामावर ठेवील? माझी दहावी तीन महिन्यांवर. देवगडचा कारखाना बंद पडून दोन वर्षं झालेली. दहा सत्तावीस. मी पुन्हा हिशेब केला आणि उत्तर तेच आलं. दहा पस्तीसला आतून कॅप्टनचा आवाज आला, अरबीत, कोणावर तरी. मला रडू येत नव्हतं. रडू आलं असतं तर कोणीतरी विचारलं असतं आणि कदाचित मी सांगितलं असतं. दहा चाळीस झाले. मी मनात साठ आकडे मोजले, आणि पुन्हा साठ. आता या चिपेला किंमत नाही, आता कोणी शोधणार नाही, बाबा सुटले, असं मी स्वतःला सांगितलं आणि प्लँटरूमकडे निघाले. तिथल्या गटारात ती टाकायची होती.

आता माझं वय त्या दिवशीच्या बाबांपेक्षा अकरा वर्षांनी जास्त आहे. लग्नानंतर मी पुन्हा इथेच, बहारीनला आले, इथल्याच एका ऑफिसात स्टोअरचे आकडे तपासते. मुलाला हे एकदा सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "बट मॉम, यू वेअर फिफ्टीन." होते. पण त्या पंधरा वर्षांच्या मुलीला घड्याळ वाचता येत होतं.

बाबा कॉम्प्रेसरपाशी होते. मी गटाराच्या जाळीवर वाकले तेव्हा त्यांनी माझा हात बघितला. ग्लोव्ह काढायला लावला. चीप तळहातावर घेऊन दिव्याखाली धरली. तंतू बघितले.

"खय गावला ह्या?"

मी सांगितलं.

"कधी?"

मी ओला ग्लोव्ह पिळत राहिले. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. मग कापसाने हात पुसले, शर्टाचं वरचं बटण लावलं.

"बाबा, वेळ गेली," मी म्हणाले. कॉम्प्रेसरमुळे ओरडावं लागत होतं. "आता सांगून काही उपयोग नाही. शर्यत परत होणार नाही. तुमची नोकरी तेवढी जाईल!"

"उपयोग बघून खरा बोलतत काय कोण?" ते म्हणाले. "त्या चेडवाक लोक म्हणतले, आपणच पडला. तिच्या घरचे म्हणतले." दारापाशी थांबून त्यांनी मागे बघितलं. "तू कायएक बोला नको. उभी ऱ्हव."

कॅप्टन अजून बर्फावरच होते, हातातली किल्ली वाकलेली. बाबांनी चीप पुढे केली. "साब, नारियल मेरा है. सुबह मैंने फोडा. पूजा के लिए."

कॅप्टननी चीप बोटांत फिरवून बघितली. मग, मला अजून खरं वाटत नाही, ते थोडेसे हसले. "नारियल? या अबू थल्ज! नारियल मुश्किल नहीं. गलती है, आदमी करता है. किधर मिला?"

"इधर ही. बालटी लेके आया, तब."

हसू गेलं. त्यांनी घड्याळ बघितलं. "बालटी लेके आया तब? आधा घंटा तुम्हारे पास था? मैं इधर घुटने पे, और तुम्हारे पास था?"

"हां, साब."

"तुम्हारा बेटी पहले गया था. उसने देखा?"

"नहीं, साब. उसको कुछ नहीं मालूम."

मी तीन पावलांवर होते. मला हिंदी येत होतं, इंग्रजी येत होतं, थोडं अरबीही. बाबांनी उभी राहा म्हटलं होतं आणि मी उभी राहिले. आज्ञा पाळली असं मी पुढे कितीतरी वर्षं म्हणत आले. खरी गोष्ट अशी, की त्यांनी ते म्हटलं नसतं तरी मी बोलले नसते.

"नारियल के लिए मैं तुमको नहीं निकालता," कॅप्टन हळू आवाजात म्हणाले. "आधा घंटा चुप, ये मुश्किल."

मरियमला त्यांनी स्वतः सांगितलं, चूक तिची नव्हती, बर्फाची होती. तिने ते ऐकलं, मग वाकून एका हाताने स्केट्सच्या नाड्या सोडल्या. जाताना माझ्यापाशी थांबली. आवाजात राग नव्हता, तिला खरंच कळत नव्हतं. "तुझ्या बाबांनी का लपवलं?" तिने विचारलं. मी मान खाली घातली. तिला वाटलं मला बाबांची लाज वाटतेय. तिने माझ्या खांद्यावर चांगला हात ठेवला. त्यानंतर ती रिंकवर आली नाही.

स्पर्धेचा एक दिवस उरला होता आणि तो बर्फ सांभाळणारं दुसरं कोणी नव्हतं, म्हणून बाबांना तेवढा दिवस ठेवलं. ते सकाळी चारला गेले, नेहमीसारखे. शेवटच्या दिवशीचा बर्फ काचेसारखा होता. पाहुण्या संघांनीही तसं म्हटलं. घरी आईने विचारलं, "खराच तुमी लपवलात?" बाबा भात कालवत म्हणाले, "भियालंय." माझ्या ताटातली पिठी गार होऊन तिच्यावर साय धरली होती. आईने त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि पुन्हा कधी विचारलं नाही.

रविवारी ऑफिसात बोलावलं. टेबलामागे मॅनेजर, बाजूला उभे कॅप्टन, खिडकीकडे तोंड करून. कागद इंग्रजीत होता. बाबांनी तो माझ्याकडे सरकवला. "वाच. सगळा वाच, आणि माका सांग."

मी वाचत सांगत गेले. नोकरी सात वर्षं, चार महिने. उरलेली रजा एकवीस दिवस. सगळ्याचे मिळून दोनशे चौऱ्याऐंशी दिनार, आणि मुंबईची तीन तिकिटं. मग काढून टाकण्याचं कारण होतं, दीड ओळीचं. मी थांबले.

"फुडे?"

"बर्फातला दोष माहीत असून," मी म्हणाले, "अर्धा तास लपवून ठेवला."

"कोणी, ता लिवला हा?"

"तुमचं नाव आहे, बाबा."

"मगे बरोबर आसा," ते म्हणाले. "सही खय करूची, दाखय."

मी रेघेवर बोट ठेवलं. त्यांनी माझ्या बोटाच्या बाजूने, सावकाश, एकेक अक्षर काढत मराठीत सही केली. मॅनेजरने पैशांचं पाकीट पुढे केलं. बाबांनी ते दोन्ही हातांनी घेतलं आणि न मोजता माझ्याकडे दिलं.